वही घेऊन बालवाडीच्या दारात

बालशिक्षणातील संशोधनपद्धतींची ओळख करून देणाऱ्या या ग्रंथाला प्रस्तावना जोडावी, असा आग्रह वर्ध्यातील माझ्या काही अध्यापक-स्नेह्यांनी जेव्हा धरला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. कारण संख्याशास्त्राशी माझा परिचय जेमतेम, आणि ज्या काळात मी अध्यापनाच्या नोकरीत शिरलो त्या काळी ‘संशोधन’ हा शब्द विद्यापीठाच्या आवारातच शोभे. बालवाडीच्या पडवीत तो उच्चारला असता तर समोरच्या बाईंनी, हा गृहस्थ वाट चुकला असावा, अशाच नजरेने माझ्याकडे पाहिले असते. पुढे आयुष्याची पुष्कळ वर्षे अध्यापिका होऊ पाहणाऱ्या मुलींच्या निरीक्षण-वह्या तपासण्यात गेली. त्या वह्यांवर मी सांडलेल्या लाल शाईचा हिशेब कोणी मागितला तर तो मला देता येणार नाही, आणि त्या शाईपैकी निम्मी अनाठायी होती हेही आज कबूल करतो. या प्रस्तावनेपुरता माझा काही अधिकार असेलच, तर तो त्या वह्यांनी दिलेला आहे.

मराठी वाचकाच्या मनात ‘संशोधन’ म्हटले की प्रथम उभी राहते ती इतिहासकार राजवाड्यांची मूर्ती : गावोगाव पायपीट करून, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून, कसर आणि वाळवी यांच्या तावडीतून कागदांची दप्तरे सोडवून आणणारा, आणि एकेका चिटोऱ्याच्या तारखेसाठी आकाशपाताळ एक करणारा तो विक्षिप्त विद्वान. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेव्हापासून आपल्याकडे संशोधनाची जी प्रतिमा रूढ झाली ती कागदाची, आणि तीत गैर असे काही नाही. पण इतिहासाच्या संशोधकाला, उशिरा का होईना, फाटके का होईना, दप्तर आयते सापडते. बालशिक्षणाच्या संशोधकाला ते स्वतः निर्माण करावे लागते. तीन-चार वर्षांचे मूल खडे मांडते, मोडते, त्यांतला एक तोंडात घालून पाहते, शेजाऱ्याला देते, परत हिसकावते आणि उठून पाणी प्यायला जाते. एवढ्या दोन मिनिटांत गणित, भाषा, न्याय आणि मैत्री यांचे जे व्यवहार घडले त्यांचा कागद कोठल्याही वाड्यात बांधून ठेवलेला नसतो. पाहणाराने तेव्हाच्या तेव्हा लिहिले तर तो आहे, नाहीतर नाही. आपल्या भाषेने ‘दप्तर’ हा शब्द सरकारी कागदांच्या गाठोड्याला आणि शाळकरी मुलाच्या पिशवीला एकच ठेवला आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले. या विषयात ही दोन्ही दप्तरे खरोखरच एका ठिकाणी येतात.

लिहिणे म्हणजे काय, हे मला ज्या प्रसंगाने शिकविले तो येथे थोडा विस्ताराने सांगतो. सेलू तालुक्यातील एका अंगणवाडीत आमच्या विद्यालयातील एक विद्यार्थिनी निरीक्षणासाठी जात असे. दिवस कापूस वेचणीचे होते. आयाबाया सकाळीच शेतांत गेलेल्या, गावात म्हातारी माणसे आणि लेकरे तेवढी उरलेली. पहिल्या दिवसाअखेर तिने एका चार वर्षांच्या मुलीविषयी वहीत लिहिले : ‘मुलगी लाजाळू. गटात मिसळत नाही. गाण्यात सहभाग नाही. भाषाविकास कमी.’ वाक्ये आटोपशीर होती, प्रशिक्षणाच्या पुस्तकातले शब्द योग्य जागी पडले होते, आणि मी त्याखाली बरोबरची खूण करून सही ठोकली. माझ्या एका वयोवृद्ध सहकारी बाईंच्या हाती ती वही पुढे गेली नसती, तर ती मुलगी आमच्या दप्तरी कायमची ‘भाषाविकास कमी’ म्हणून राहिली असती. बाईंनी त्या विद्यार्थिनीला जवळ बसवून एवढेच विचारले, “ह्यातलं तू डोळ्यांनी काय पाहिलंस ते मला सांग.” विद्यार्थिनी गोंधळली, मीही, खरे सांगायचे तर, गोंधळलो. लाज डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती खाली गेलेली मान.

दुसऱ्या दिवसापासून ती मनगटी घड्याळ समोर ठेवून रोज दहा मिनिटे त्या एकाच मुलीचे लिहू लागली. दाराच्या चौकटीला पाठ लावून बसली आहे; उजव्या मुठीत चिंचोके, मोजले तर सात; ते फरशीच्या सांधीत ओळीने लावते, सातवा मावत नाही, सगळे काढून पुन्हा लावते; गाणे सुरू झाल्यावर हातवारे करीत नाही, पण ओठ हलतात; मिनिटाभरात तीन वेळा मान वळवून बाहेर, उजवीकडच्या घराकडे पाहते. ही नोंद वाचताना ‘लाजाळू’ हा शब्द आपोआप गळून पडतो आणि त्याच्या जागी एक प्रश्न उभा राहतो : उजवीकडच्या घरात काय आहे? चौथ्या दिवशी खिचडी वाटून झाल्यावर ती विद्यार्थिनी मदतनीस बाईंबरोबर त्या घरापर्यंत गेली, तेव्हा ओसरीवर टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत मुलीचा धाकटा भाऊ निजला होता, आजी ज्वारी निवडीत होती, आणि ती मुलगी झोळीला झोका देत अंगणवाडीतले गाणे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, हातवाऱ्यांसह, खणखणीत आवाजात म्हणत होती. माझी बरोबरची खूण त्या वहीत अजून आहे. ती मी खोडू दिली नाही.

या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात प्रसंगनोंद, कालनमुना, घटनानमुना, पडताळासूची अशी जी नावे वाचकाला भेटतील ती सारी, विचार केला तर, त्या वृद्ध बाईंच्या एका प्रश्नाचेच पद्धतशीर रूप आहेत : प्रसंग आणि मत यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढून डावीकडे जे घडले ते आणि उजवीकडे आपल्याला जे वाटले ते लिहावे, हा त्या बाईंचा शिरस्ता होता, आणि त्याहून सोपे साधन मला अद्याप ठाऊक नाही. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाची टिपणे १८७७ साली प्रसिद्ध केली ती ३७ वर्षांपूर्वीच्या वहीवरून. वही नसती तर एवढ्या कालावधीनंतर बापाच्या स्मृतीत केवळ एक गोजिरवाणे मूल उरले असते, शास्त्राला उपयोगी असे काही उरले नसते. आणि मारिया माँटेसोरी? ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत तिने बालगृह उघडले तेव्हा तिच्याजवळ सिद्धान्तांपेक्षा वैद्याची नजर अधिक होती. लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या भोकांत बसविण्यात गढून गेलेली एक तीन वर्षांची मुलगी तिने पाहिली. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, भोवती इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, तरी त्या मुलीचे काम थांबले नाही. चाळिसाहून अधिक वेळा तिने ते दट्टे काढले आणि बसविले. पुढे एकाग्रतेविषयी जगभर जो ग्रंथसंभार उभा राहिला त्याच्या मुळाशी एका बाईने उभ्या उभ्या केलेली ही मोजदाद आहे.

आता वर्ध्याकडे वळतो. कारण या विषयावर लिहायचे आणि वर्ध्यात राहून सेवाग्रामला वळसा घालून जायचे, हे कृतघ्नपणाचे होईल. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेतून बुनियादी शिक्षणाची वर्धा योजना जन्मास आली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा अहवाल सिद्ध केला, आणि पुढील फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने तिला मान्यता दिली, हा इतिहास येथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतो. पण ती योजना ७ ते १४ वर्षांच्या मुलांची होती. सात वर्षांच्या आतील लेकरू तिच्या उंबरठ्याबाहेरच होते. त्याला आत घेण्याचा निर्णय गांधीजींच्या कारावासानंतर आला. १९४४ साली सुटून आल्यावर त्यांनी या योजनेचे, म्हणजे नई तालीमचे, क्षेत्र जन्मापूर्वीपासून मृत्यूपर्यंत विस्तारले, आणि जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी आणि प्रौढशिक्षण अशा चार पायऱ्या मांडल्या गेल्या. १९३१ साली लंडनमध्ये माँटेसोरीबाईंच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना, हे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांबरोबर दरिद्री मुलांनाही मिळो, अशी जी आशा त्यांनी व्यक्त केली होती, तिला चौदा वर्षांनी विदर्भातल्या एका खेड्यात जागा मिळाली, असे म्हणता येईल. हिंदुस्तानी तालीमी संघात आर्यनायकम् दांपत्याने तो संसार मांडला; पूर्व-बुनियादीची जबाबदारी शांताबाई नारुळकरांनी उचलली आणि त्या कामाची मांडणी पुस्तिकारूपाने लिहूनही ठेवली. आईच्या आरोग्यापासून, घराच्या अंगणातल्या स्वच्छतेपासून बालशिक्षणाला आरंभ होतो, हा विचार आज सगळ्यांच्या तोंडी आहे. तेव्हा तो नवा होता.

सेवाग्रामच्या त्या परंपरेपुढे मी नतमस्तक आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी एक तक्रार नोंदवितो. त्या काळातले जे साहित्य माझ्या वाचनात आले, त्यात तत्त्वचर्चा विपुल आहे, श्रमाचे आणि स्वावलंबनाचे मर्म उलगडणारी पाने आहेत, सूत किती निघाले याचे हिशेबही आहेत. मात्र अमुक एक मूल जूनमध्ये आले तेव्हा काय करीत होते आणि मार्चमध्ये काय करू लागले, हे सांगणारी पाने शोधावी लागतात. टकळीवरच्या तारांची मोजदाद झाली, टकळी फिरविणाऱ्या बोटांची तेवढी झाली नाही. याला एक सन्माननीय अपवाद मला दिसतो तो देवीप्रसाद यांचा. शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार १९४४ साली सेवाग्रामला आला, १९६२ पर्यंत येथे राहिला, आणि मुलांच्या चित्रांकडे कलेचे नमुने म्हणून पाहता पाहता मुलाच्या वाढीचा पुरावा म्हणूनही पाहू लागला. त्या चित्रांच्या आधारे त्याने मुलांची कला आणि शिक्षण यांवर जे लिहिले ते आजही ताजे आहे, कारण त्याच्या विधानांमागे चित्र आहे, आणि चित्रामागे ते काढणारे मूल आहे. आज सेवाग्रामला नई तालीमच्या परिसरात आनंद निकेतन शाळा भरते, लहान मुले तेथे माती, सूत, भाजीपाला यांत रमलेली दिसतात. त्यांच्या नोंदी भावी वाचकाला मिळाव्यात, एवढीच इच्छा.

सेवाग्रामची ती परिषद भरली त्याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम सुरू झाले होते. ताराबाई काही काळ आमच्या शेजारच्या अमरावतीच्या रहिवासी, म्हणून विदर्भाचाही त्यांच्यावर थोडा हक्क पोहोचतो. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांची घडण झाली, १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे केंद्र उघडले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांच्या कार्याचे पोवाडे पुष्कळ गायले गेले आहेत. मला येथे त्यांच्या पद्धतीविषयी बोलायचे आहे. बालवाडी उघडली, साधने मांडली, तरी वारली पाड्यांवरची मुले येईनात, तेव्हा ‘हे लोक मागासलेले, यांना शिक्षणाची किंमत नाही’ असे लिहून अहवाल बंद करणे सोपे होते. असे अहवाल सरकारी कपाटांतून थोडे नाहीत. या दोन बायका पाड्यावर गेल्या आणि न आलेले मूल त्या वेळी कोठे असते ते पाहिले. ते धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले होते, किंवा गुरांमागे होते. म्हणून बालवाडीच अंगणात गेली, आणि गुराख्यांच्या मागे कुरणशाळा गेली. परदेशी बनावटीच्या महागड्या साधनांची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी आणि खड्यांनी घेतली. अनुपस्थिती हीही एक माहिती आहे, हजेरीपत्रकातला कोरा चौकोन हाही वाचायचा मजकूर आहे, हे मी कोसबाडकडून शिकलो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला, तेव्हा त्या शब्दामागचे हे पाहणे किती जणांच्या ध्यानात राहिले, कोण जाणे.

नुसत्या पाहण्याने भागत नाही, विचारावेही लागते. आणि येथे माझ्या फजितीची दुसरी कथा. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने, स्वतःच्या तीन मुलांचेही निरीक्षण करीत, बालबुद्धीविषयी जे सिद्धान्त रचले त्यांतला एक प्रयोग प्रसिद्ध आहे : सारख्या दोन पेल्यांत सारखे पाणी दाखवावे, मग एकातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतावे आणि कशात जास्त, असे विचारावे, पाच वर्षांचे मूल बहुधा उंच पेल्याकडे बोट दाखविते. हा प्रयोग मी वर्ध्याजवळच्या एका बालवाडीत मोठ्या डौलाने केला. मुलगा प्रथम म्हणाला, “सारखंच हाय.” पाणी ओतल्यावर मी पुन्हा विचारले, तेव्हा क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहून त्याने उंच पेल्यावर बोट ठेवले. पियाजे खरा ठरला म्हणून मी समाधानाने वही मिटली. निघताना सहज त्याला म्हटले, “अरे, आधी तू सारखे म्हणाला होतास ना?” त्यावर तो म्हणाला, “तुम्ही पयले इचारलं, मी सांगतलं. मंग आणखी काऊन इचारलं? मंग मले वाटलं माहं चुकलं.” शाळेत मास्तर तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतात तेव्हा पहिले उत्तर चुकलेले असते, हे ज्ञान त्याला पाण्याच्या राशीविषयीच्या ज्ञानापेक्षा अधिक पक्के होते, आणि मी मोजले होते ते त्याचे मास्तराविषयीचे ज्ञान. पुष्कळ दिवसांनी माझ्या वाचनात आले की १९७४ साली एडिंबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी मॅकगॅरिगल यांनी हीच शंका शास्त्रशुद्ध रीतीने तपासली होती : सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक ओळ प्रयोगकर्त्याने न हलविता एका ‘खोडकर अस्वला’ने, म्हणजे खेळण्यातल्या बाहुल्याने, विस्कटली असे दाखविले, तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले.

भाषेचा मुद्दा यातच आला. प्रमाण मराठीत विचारलेला प्रश्न वऱ्हाडी वळणाच्या घरातल्या मुलाला परका असतो, गोंड किंवा कोलाम वस्तीतल्या मुलाला तर दुपटीने परका. आणि मुंबई-पुण्याहून छापून आलेली प्रश्नावली हाती घेऊन आपण ज्याला ‘कमी गुण’ म्हणून नोंदवितो तो कित्येकदा त्या प्रश्नावलीलाच पडलेला कमी गुण असतो. ‘प्रयोग’ या आपल्या शब्दाला नाटकाचा प्रयोग असाही अर्थ आहे, हे बालशिक्षणाच्या संशोधकाने विसरू नये. समोर प्रेक्षक आहे, त्याला नटाच्या भुवया दिसतात.

नावांच्या घोटाळ्याविषयी एक तपशील वर्धेकरांना रुचेल. सेवाग्रामचे मूळ नाव सेगाव. गांधीजींचे टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागले म्हणून १९४० साली गावाचे नाव बदलण्यात आले. पाहणीतली माहितीही अशीच भलत्या गावी जाते. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शिशुवर्गाला लोक ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग त्याचा ख्रिस्ती मठाशी काडीचा संबंध नसो. तेव्हा ‘तुमचे मूल बालवाडीत जाते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या आईचे मूल रोज सकाळी टाय लावून कॉन्व्हेंटला जात असण्याचा पुरेपूर संभव असतो. व्याख्या या प्रकरणाला विद्यार्थी नाके मुरडतात. ते प्रकरण प्रथम वाचावे, अशी माझी शिफारस आहे.

नमुन्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती १३ लाखांची. त्यांतून पाहणीसाठी अंगणवाड्या निवडताना आमच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे एकच अलिखित नियम पाळला, तो हा, की जेथे एस.टी. थांबते तेथपर्यंतच जिल्ह्यातले बालक वसते. आष्टी-कारंज्याच्या डोंगराळ भागातले, समुद्रपूरकडचे फाट्यापासून चार मैल आत राहणारे मूल आमच्या कोष्टकांत जवळजवळ नाहीच. ऋतूचेही तसेच : नोंदी घ्यायच्या डिसेंबर-जानेवारीत, हवा प्रसन्न असताना, एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली बसलेल्या मुलाचे ‘लक्ष विचलित होते’ की ते फक्त उकाड्याने हैराण झालेले असते, हे ठरविण्याची वेळच आम्ही येऊ दिली नाही. चिठ्ठ्या टाकून गावे निवडण्याची जी कटकटीची रीत या ग्रंथात दिली आहे, ती आपल्या सोयीपासून मुलाचा बचाव करण्यासाठी आहे.

नमुना मोठा असावा की पाहणी दीर्घ असावी, या वादात माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. अमेरिकेत मिशिगन राज्यातील यिप्सिलँटी या गावी १९६२ साली सुरू झालेल्या पेरी बालशाळेच्या प्रयोगात मुले होती अवघी १२३. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली. त्यांपैकी ५८ जणांना बालशाळा मिळाली, ६५ जणांना मिळाली नाही, आणि दोन्ही गटांचा माग संशोधकांनी ती माणसे चाळिशीला पोहोचेपर्यंत घेतला. बालशिक्षणावर घातलेला पैसा समाजाला अनेक पटींनी परत मिळतो, हे त्यातले अनुमान आपल्याकडची भाषणे आणि अहवाल आवडीने उद्धृत करतात. चाळीस वर्षे पत्ते सांभाळणारी माणसे मात्र कोणी उद्धृत करीत नाही. वेचणीनंतर आईबाप कामासाठी दुसऱ्या मुलखात गेले की आमच्या अंगणवाडीतले नाव खोडले जाते, आणि ते मूल पुढच्या गावी पहिल्या दिवसाचे मूल म्हणून नव्याने सुरू होते.

याचा दोष अंगणवाडी सेविकेच्या माथी मारण्याची जी रूढी आहे ती मला मान्य नाही. वजन, उंची, लसीकरण, आहारवाटप, गरोदर मातांची यादी, गृहभेटी अशा नोंदींनी तिची रजिस्टरे भरलेली असतात, आणि आता त्यांतल्या पुष्कळशा मोबाइलवरही भराव्या लागतात. जिल्ह्यात तिच्याइतके लिहिणारा दुसरा माणूस एखाद्या कचेरीतच सापडेल. पण त्या साऱ्या नोंदी वर जातात. मूल किती किलोचे, हे वरच्या कार्यालयाला महिन्याच्या महिन्याला कळते, ते योग्यच आहे, त्यावर जीव अवलंबून असतो. ते मूल आज प्रथमच दुसऱ्याला आपला खाऊ देऊ लागले, हे ज्या कागदावर लिहायचे तो कागद तिला कोणी दिलेला नाही. कृतिसंशोधन या नावाखाली पुढील पानांत जे सांगितले आहे त्याचा खरा उपयोग होईल तो तिलाच : आपल्याच वर्गातली एक अडचण घ्यावी, एक बदल करून पाहावा, आधीचे आणि नंतरचे लिहावे, आणि शेजारच्या गावच्या सेविकेकडून रुजवात घ्यावी. त्यासाठी पदवी लागत नाही. रोज वीस मिनिटांची सवड लागते, आणि ती मंजूर करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांनी हे पान अवश्य वाचावे.

संमती या विषयाला लेखकांनी स्वतंत्र प्रकरण दिले, याबद्दल त्यांचे अभिनंदन. माझ्या तरुणपणी हा प्रश्नच कोणाच्या डोक्यात येत नसे. आम्ही वही घेऊन शिरत असू आणि मूल आपलेच समजत असू. आईबापांचा अंगठा किंवा सही घेणे हा झाला कागदाचा भाग. मूल स्वतः ‘नाही’ म्हणते तेव्हा ते शब्दाने क्वचितच म्हणते. ते पाठ फिरविते, बाईंच्या पदरामागे जाते, तीनदा विचारलेल्या प्रश्नाला गाणे म्हणून दाखविते. अशा वेळी वही मिटणे ही संशोधनाची हानी नसून त्याचाच नियम आहे. आणि ज्या घराविषयी आपण लिहिले त्या घरी, ‘भाषाविकास कमी’ हे शब्द वाचून दाखविण्याची आपली तयारी आहे का, ही कसोटी लावली तर निम्मे अहवाल अधिक नम्र होतील.

या ग्रंथात उणिवा आहेत. संख्याशास्त्राचे प्रकरण घाईने उरकलेले दिसते, उदाहरणे काही ठिकाणी शहरी आहेत, आणि परिभाषेचे ओझे नवख्या वाचकाला जाचेल. ‘सप्रमाणता’ आणि ‘विश्वसनीयता’ यांतला भेद मलाही दोनदा वाचावा लागला. तरीही मराठीत, आणि तेही वर्ध्याच्या मातीतली उदाहरणे मधून मधून देत, हे काम झाले याचे मोल मोठे आहे.

वाचकाला शेवटी एक विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी एक कोरी वही घेऊन जवळच्या अंगणवाडीत, किंवा तेही न जमल्यास घरातल्या लेकराजवळ, घड्याळ लावून दहा मिनिटे बसावे आणि जे घडते तेवढेच लिहावे. लाजाळू, हट्टी, हुशार आणि खोडकर हे चार शब्द मात्र त्या पानावर येऊ देऊ नयेत.

वर्धा